मुदत आणि मुदतवाढ

सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतून रात्री जाणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. कारखान्यातील यंत्रे दुसरी पाळी संपवून थांबलेली असतात. पण दर्शनी बाजूच्या लहानशा कचेरीतील दिवा जळतच असतो. आत हिशेबनिसापुढे व्हाउचरांचे गठ्ठे पसरलेले असतात आणि सनदी लेखापालाकडे उमेदवारी करणारा एखादा विद्यार्थी डोळे चोळीत संगणकासमोर बसलेला असतो. हिशेबाचे वर्ष संपून सहा महिने होत आलेले असतात. त्या वर्षाच्या आरंभी, म्हणजे जवळजवळ दीड वर्षापूर्वी झालेल्या एखाद्या खरेदीचे बिल सापडत नाही, म्हणून सारे काम अडलेले असते. आणि या धांदलीतही मालक, हिशेबनीस व उमेदवार या तिघांचे कान एकाच बातमीकडे लागलेले असतात : मुदत वाढली काय?

हे दृश्य चिकलठाण्याप्रमाणेच वाळूजला दिसते, शेंद्र्याला दिसते, पुण्यामुंबईसही दिसते. ते इतके नित्याचे झाले आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे. कंपन्यांनी वर्षाचे हिशेब कंपनी निबंधकाकडे सादर करण्याची तारीख ही सरकारने घातलेली एक पीडा असून ती शेवटच्या घटकेस, जमल्यास त्यानंतरही, कशीबशी टाळावयाची असते, असा समज रूढ आहे. या समजाची किंमत कोण मोजतो, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर जालना रस्त्यावर उभ्या राहिलेल्या चिकलठाणा वसाहतीने मराठवाड्यासारख्या शेतीवर आणि पावसावर विसंबलेल्या प्रदेशाला कारखानदारीची ओळख करून दिली. आज येथे देशभर माल पाठविणारे मोठे कारखाने आहेत. वोक्हार्ट या औषध कंपनीच्या वार्षिक अहवालांवर तर नोंदणीकृत कार्यालय म्हणून चिकलठाण्याचाच पत्ता छापलेला आढळतो. पण या मोठ्या नावांच्या आसपास, त्यांना सुटे भाग, खोकी, साचे आणि सेवा पुरविणाऱ्या असंख्य छोट्या खाजगी मर्यादित कंपन्या आहेत. दोघे भाऊ किंवा नवरा-बायको संचालक, वीस-पंचवीस कामगार आणि एक हिशेबनीस, असा त्यांचा संसार. मोठ्या कंपनीत चिटणीस असतो, कायद्याचा विभाग असतो. छोट्या कंपनीत तोच हिशेबनीस पगारपत्रक करतो, मालाची पावती फाडतो, बँकेत जातो आणि वेळ उरलाच तर कीर्द-खतावणी लिहितो. हिशेब सादर करण्याच्या तारखा मात्र दोघांनाही जवळपास सारख्याच लागू असतात.

मर्यादित जबाबदारीची किंमत

हिशेब जाहीर करण्याची सक्ती मुळात कशासाठी, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. साध्या दुकानदाराचे दिवाळे निघाले तर सावकार त्याच्या घरादारापर्यंत पोहोचू शकतो. मर्यादित कंपनीचे तसे नाही. भागधारकाने जेवढे भांडवल देऊ केले, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. इंग्लंडमध्ये १८५५ साली आणि हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने हे संरक्षण व्यापारी मंडळ्यांना मिळाले. त्यामुळेच अनोळखी माणसांचे थोडेथोडे पैसे एकत्र येऊन मोठे कारखाने उभे राहू शकले. पण या संरक्षणाची दुसरी बाजू अशी की, कंपनीला उधारीवर लोखंड देणारा व्यापारी, कर्ज देणारी बँक आणि महिनाभर राबून मग पगार घेणारा कामगार या साऱ्यांना मालकाच्या खाजगी मालमत्तेचा आधार उरत नाही. त्यांना आधार उरतो तो कंपनीच्या ताळेबंदाचा. म्हणून तो ताळेबंद खरा असावा, लेखापरीक्षकाने तपासलेला असावा आणि ठरल्या वेळी सर्वांना पाहता यावा, ही अट कायद्याने घातली. निबंधकाकडे दाखल झालेले हे कागद ठराविक शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. तेव्हा हिशेबाची तारीख ही सरकारला दिलेली वेठ नव्हे. मर्यादित जबाबदारीची सवलत घेणाऱ्याने समाजाला दिलेले ते वचन आहे.

हे वचन मोडले तर काय होते, याचा अनुभव देशाने २०१७ साली घेतला. कित्येक वर्षे हिशेबच न देणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे त्या वर्षी नोंदवहीतून खोडली गेली आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले. सलग तीन वर्षे वित्तीय पत्रके किंवा वार्षिक विवरण दाखल न करणाऱ्या कंपनीचा संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, ही तरतूद २०१३ च्या कायद्यात पूर्वीपासूनच होती; ती अमलात येईल असे मात्र कोणाला वाटले नव्हते. नाव खोडलेल्या कंपन्यांची बँक खाती गोठविण्यात आली. त्यांत काळा पैसा फिरविण्यासाठी काढलेल्या कागदी कंपन्या होत्या, तशाच निव्वळ हयगयीमुळे मागे पडलेल्याही होत्या. कायद्याच्या काठीला लबाड आणि आळशी यांतला फरक सहसा दिसत नाही.

इतक्या टोकाला न जाताही विलंब महाग पडतो. १ जुलै २०१८ पासून वित्तीय पत्रकांचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ या दोन्ही अर्जांना विलंबाच्या प्रत्येक दिवशी प्रत्येकी १०० रुपये अतिरिक्त शुल्क आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. एक वर्षाचा उशीर म्हणजे ७३,००० रुपये. छोट्या कारखान्यात एवढ्या रकमेत कामगारांची दिवाळी होते. शिवाय कायद्याने होणारा दंड निराळाच. याहून मोठा तोटा वहीत कोठेच लिहिला जात नाही. खेळत्या भांडवलाची मर्यादा नव्याने ठरविताना बँक तपासलेला ताळेबंद मागते. तो नसला की प्रकरण पडून राहते आणि ऐन मागणीच्या दिवसांत कच्च्या मालाला पैसा अपुरा पडतो. पगार लांबतो, तो अशाच वेळी.

उलटी गणना

या साऱ्यावर उपाय काही गहन नाही. तारखा उलट्या क्रमाने मोजल्या की तो आपोआप दिसू लागतो. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते. वार्षिक सर्वसाधारण सभा त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. पहिल्याच सभेला तेवढी नऊ महिन्यांची सवलत आहे. सभेनंतर ३० दिवसांत वित्तीय पत्रके आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण दाखल करावयाचे. इथपर्यंत बहुतेकांना पाठ असते. विसर पडतो तो सभेच्या अलीकडच्या दिवसांचा. सभेची सूचना पूर्ण २१ दिवस आधी भागधारकांना मिळाली पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. सूचनेचा व सभेचा असे दोन्ही दिवस वगळले तर ती ८ सप्टेंबरला मिळावी लागते. टपालाचे दोन दिवस धरले तर ६ सप्टेंबरला निघावी लागते. सूचनेसोबत तपासलेले हिशेब जावयाचे असतात. म्हणजे संचालक मंडळाने ते त्यापूर्वी मंजूर केलेले हवेत आणि लेखापरीक्षकाने त्याही पूर्वी सही केलेली हवी. लेखापरीक्षकाला तपासणीस महिना-दीड महिना द्यावयाचा, तर पुरी लिहिलेली वही त्याच्या हाती जुलैच्या आरंभीच पडली पाहिजे. आणि मालाच्या साठ्याची मोजणी तर ३१ मार्चलाच व्हावयास हवी. कारण त्या दिवशी गोदामात किती लोखंड होते, हे सप्टेंबरात कोणालाच सांगता येत नाही.

अशा रीतीने ३० सप्टेंबर ही तारीख प्रत्यक्षात ३१ मार्चपासून सुरू होते. त्यातच सप्टेंबर हा आपल्याकडे निर्वेध कामाचा महिना कधीच नसतो. बहुतेक वर्षी गणपती-गौरींचे दिवस याच सुमारास येतात, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि ऑक्टोबरची मुदत गाठावी तो दसरा-दिवाळी दाराशी उभी असते. हे सण पंचांगात वर्षभर आधी छापलेले असतात. कोणावर ते अवचित कोसळत नाहीत. तरी दर वर्षी ‘सणासुदीमुळे काम राहिले’ हे कारण तितक्याच निरागसपणे पुढे केले जाते.

छोट्या उद्योजकाची तक्रार अशी की, धंदा करावा की कागद भरावेत? ती सर्वस्वी खोटी नाही. महिन्याच्या ७ तारखेस कापून घेतलेला प्राप्तिकर भरावयाचा, ११ व २० तारखेस वस्तू व सेवाकराची विवरणे, १५ तारखेस भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा. पण याच तक्रारीत तिचे उत्तर दडलेले आहे. या मासिक तारखांसाठी विक्री, खरेदी, पगार आणि कर यांचे आकडे दर महिन्याला जुळवावेच लागतात. तेवढ्याच वेळी बँकेचे खाते आणि खतावणीही जुळवून त्या महिन्याची वही मिटवून टाकली, तर वर्षअखेरीचे ओझे बारा हप्त्यांत वाटले जाते. प्रत्यक्षात घडते ते उलट. विवरणापुरते आकडे भरून महिना ढकलला जातो आणि जुळवाजुळव ‘पुढे पाहू’ म्हणून राहते. ही उधारी मग व्याजासह अंगावर येते. पुरवठादाराच्या बिलावर भरलेल्या वस्तू व सेवाकराची वजावट पुढील ३० नोव्हेंबरपर्यंत मागितली नाही तर ती कायमची जाते. बिल त्यानंतर सापडले तर ते फक्त हळहळण्याच्या उपयोगाचे!

मागची तारीख घालून वही सजविण्याची जुनी सोयही आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक नोंदीतील बदल, तो केव्हा झाला त्या तारखेसह, टिपून ठेवण्याची व्यवस्था असणे बंधनकारक आहे. सप्टेंबरात बसून लिहिलेली एप्रिलची नोंद आता स्वतःच आपली जन्मतारीख सांगते.

एकाचा उशीर, दुसऱ्याची उपासमार

हिशेबाच्या वक्तशीरपणाचा संबंध शेजारधर्माशीही आहे. औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्याचे देणे हेच छोट्या कारखान्याचे येणे असते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो; उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही सांगतो. पण ज्याचे पोट पुढच्या ऑर्डरवर अवलंबून आहे, तो मोठ्या ग्राहकाविरुद्ध दाद मागावयास सहसा जात नाही. म्हणून पुढे दोन तरतुदी आल्या. ४५ दिवसांहून अधिक थकलेल्या अशा देण्यांचे विवरण कंपन्यांनी दर सहामाहीस, ३० एप्रिल व ३१ ऑक्टोबरपर्यंत निबंधकाकडे द्यावयाचे. आणि २०२३ च्या वित्त अधिनियमाने असे ठरले की, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येणार नाही. छोट्या पुरवठादाराच्या हाती आलेले हे मोठे साधन होय. परंतु ज्याची स्वतःची वही सहा महिने मागे आहे, त्याला आपले कोणाकडे किती आणि किती दिवसांचे येणे आहे, हेच धड ठाऊक नसते. मग हक्क सांगावयाचा कशाच्या आधारावर? वेळेवर लिहिलेला हिशेब हे दुर्बळाचे शस्त्र आहे, ते असे.

मुदतवाढीचा मोह

येथे एक गोष्ट शासनालाही सुनावली पाहिजे. कामाची ही गर्दी काही अंशी धोरणातूनच निर्माण झाली आहे. पूर्वी कोणी दिवाळीला वही मिटवी, कोणी डिसेंबरला, कोणी जूनला. त्यामुळे लेखापालांचे काम वर्षभर विखुरलेले असे. ब्रिटिश सरकारने १८६७ मध्ये आपल्या हिशेबासाठी एप्रिल ते मार्च हे वर्ष स्वीकारले, तरी खाजगी धंद्यांवर ते लादले गेले नव्हते. १ एप्रिल १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सर्वांना हेच वर्ष लागू झाले आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांनाही, काही अपवाद वगळता, ३१ मार्चला बांधून टाकले. करआकारणीच्या दृष्टीने हे सोयीचे झाले, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम असा की, साऱ्या देशाचे हिशेब एकाच ऋतूत कापणीस येऊ लागले आणि कापणाऱ्यांची संख्या मात्र मर्यादितच राहिली. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या दारी गाड्यांची जी रांग लागते, तीच रांग सप्टेंबरात सनदी लेखापालाच्या दारी लागते. मात्र उसाला निदान तोडीचा कार्यक्रम असतो!

२००६ पासून कंपन्यांचे अर्ज संगणकाद्वारे दाखल होऊ लागले. कागदांचे गठ्ठे घेऊन मुंबईला मरीन ड्राइव्हवरील निबंधकाच्या कचेरीत खेटे घालण्याचे दिवस संपले. पण त्या जागी नवी रांग आली. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, अर्ज अर्ध्यावर अडकतो, सही स्वीकारली जात नाही. २०२५ साली तर ऐन वर्षाच्या मध्यावर, जुलैत, वार्षिक अर्ज नव्या प्रणालीवर नेण्यात आले. परिणामी अतिरिक्त शुल्काविना हे अर्ज दाखल करण्याची मुभा प्रथम ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आणि मग ३१ जानेवारी २०२६ पर्यंत द्यावी लागली. त्याच वर्षी व्यक्तींच्या प्राप्तिकर विवरणाची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत गेली आणि त्या दिवशी रात्री उशिरा आणखी एका दिवसाने वाढली. पगारदार शिक्षक व कारकून यांनाही या अनिश्चिततेचा अनुभव त्या निमित्ताने आलाच.

अडचण खरी असता मुदत वाढविणे हे कर्तव्यच आहे. २०२० च्या साथीत दिलेल्या सवलतीला कोणी नावे ठेवणार नाही. परंतु २०१४, २०१८ व २०२० अशा ठराविक अंतराने विलंबमाफीच्या योजना येत राहिल्या की त्यांतून लोक काय शिकतात, हे पाहावयास हवे. फिन किडलंड आणि एडवर्ड प्रेस्कॉट या अर्थशास्त्रज्ञांनी १९७७ च्या एका निबंधात हाच पेच मांडला. त्यांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आज कडक वाटणारा नियम उद्या ऐन वेळी सैल करणे सरकारला सोयीचे ठरणार, हे लोकांना आधीच कळत असेल, तर ते त्या नियमाप्रमाणे वागतच नाहीत. परीक्षा पुढे ढकलली जाणार अशी खात्री असलेला विद्यार्थी अभ्यासाला बसत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. आणि परीक्षा खरोखरच पुढे ढकलली गेली, तर फसवणूक होते ती रात्री जागून अभ्यास पुरा करणाऱ्याची. मुदतवाढीतही नेमके हेच होते. वर्षभर वही नीट ठेवणारा, वेळेवर शुल्क भरणारा कारखानदार मूर्ख ठरतो. उशीर करणारा व्यवहारचतुर ठरतो.

तेव्हा शासनाने आपल्या तारखा आपणच प्रथम पाळाव्यात. अर्जांचे नमुने आणि ते भरण्याच्या प्रणाली १ एप्रिलला तयार असाव्यात. वर्षाच्या मध्यावर त्यांत फेरबदल होऊ नयेत. मुदतवाढ द्यावयाचीच असेल, तर ती निदान एक महिना आधी जाहीर व्हावी. अखेरच्या रात्री जाहीर झालेली मुदतवाढ कोणाच्याच उपयोगाची नसते, कारण तोवर जागरण झालेलेच असते. कंपन्यांच्या आकारमानाप्रमाणे तारखांचे टप्पे पाडता येतील काय, याचाही विचार व्हावा. उद्योगांच्या बाजूने मसिआ आणि सीएमआयए यांसारख्या येथील संघटनांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मुदतवाढीची निवेदने पाठविण्यात खर्च होणारी शक्ती, दहा-बारा छोट्या कारखान्यांना मिळून एक जाणता हिशेबनीस पुरविण्याकडे वळविली, तर तिचे चीज होईल. वाणिज्य महाविद्यालयांनीही ताळेबंदाची कृत्रिम उदाहरणे सोडविण्याबरोबर, एका खऱ्या कंपनीचे वर्ष तारखांनिशी कसे आखावे, हे विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. शिकून बाहेर पडल्यावर त्या जागत्या दिव्याखाली बसावयाचे आहे ते याच मुलांना.

चिकलठाण्याहून फार दूर नसलेल्या देवगिरीवर तेराव्या शतकात हेमाद्री पंडित यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य, होता. मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यालाच देते. दप्तर वेळच्या वेळी लिहिले जावे, हा विचार या भूमीला परका नाही. तो आपण कोठे तरी हरवून बसलो आहोत, एवढेच. दिवाळीला नव्या वहीवर हळदकुंकू वाहण्याची रीत अजून घरोघरच्या धंद्यांत भक्तिभावाने पाळली जाते. ती अवश्य पाळावी. मात्र वहीची पूजा वर्षातून एकदा केली तरी पुरते. वही लिहावी लागते ती रोज.